खोट्या संगमरवराचं चर्च

त्या रविवारी सकाळी हॉस्पिटलमधून घरी आले, तर फोन वाजत होता. डेट्रॉइटच्या जुन्या चर्चमधून बार्बरा बोलत होती. टूरसाठी माणसं येऊन थांबली आहेत, श्रीकांत वाटेत आहे का? "आज तो येणार नाही," मी म्हणाले. मग आठवल्यासारखं सांगितलं, की पहाटेच गेला. फोन ठेवला आणि डिशवॉशर रिकामा करायला घेतला...

याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, मोकळी हो, रड. येत नाही रडू, काय करू?

श्रीकांत, माझा नवरा, पुण्याचा आर्किटेक्ट. अमेरिकेत आलो ते माझ्या नोकरीसाठी. त्याला इथलं लायसन्स काही मिळालं नाही. डेट्रॉइटजवळ ट्रॉयला एका कार कंपनीत त्याने आयुष्यभर सीटचे सांगाडे डिझाइन केले. "या देशात माझी एक भिंत नाही. मी गेलो की सीटही भंगारात," असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, पुरे झालं तुझं रडगाणं. पण तो गेल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. खरंच त्याचं इथे काही उरलं नसेल तर?

घराबाहेर तो खुलायचा तो फक्त त्या चर्चमध्ये. वर्षानुवर्षं दर रविवारी तिथली टूर तोच घ्यायचा. पोलंडहून येऊन इथल्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांनी ते बांधलं, गावाकडच्या बरोक चर्चच्या आठवणीवर. दोन मनोरे, पिळदार खांब, छतावर रंगवलेलं आभाळ आणि त्यात लोंबकळणारे गुबगुबीत देवदूत. मला ते सगळं लग्नाच्या हॉलसारखं भडक वाटायचं. तसं म्हटलं, की तो चिडून खांबावर टिचकी मारून दाखवायचा. संगमरवर कुठला, लाकडावर प्लास्टर, त्यावर हाताने काढलेल्या शिरा! दगड परवडत नव्हता म्हणून त्यांनी तो रंगवला. वेदीवर उजेड पडतो ती खिडकी मुद्दाम लपवलेली, म्हणजे तो थेट स्वर्गातून आल्यासारखा वाटावा. हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू रंगाचा ब्रश आत्ताच खाली ठेवलाय. पुढे त्या मजुरांची नातवंडं आमच्यासारखीच उपनगरांत गेली, आजूबाजूची घरं पडली. चर्च राहिलं.

गेल्या रविवारी सई, आमची मुलगी, म्हणाली, "आई, लेट्स गो. जस्ट वन्स." गेलो. आता टूर बार्बरा घेते. मधल्या रुंद वाटेने सरळ वेदीकडे न्यायचं सोडून ती सगळ्यांना घेऊन डाव्या बाजूने निघाली. एका पाहुण्याने विचारलं, इकडून का?

"या चर्चमध्ये आम्ही असंच जातो," बार्बरा म्हणाली. "ऑलवेज."

डावीकडून पुढे, वेदीच्या मागच्या अरुंद बोळातून वळून उजवीकडून परत. सईने माझा दंड धरला. "आई, धिस इज बाबा."

प्रदक्षिणाच ती. उजव्या हाताला देव ठेवल्याशिवाय श्रीकांतला कुठल्याही देवळात चालताच यायचं नाही, आणि बार्बराला वाटत होतं ही त्यांच्याच चर्चची रीत आहे. माझे डोळे कोरडेच होते. फेरी संपली, लोक दाराकडे पांगले. सई गाडीची किल्ली शोधत होती. मी मात्र पुन्हा डावीकडे वळले आणि चालायला लागले.