काचेसारखं पाणी

ज्या माणसाला नुसतं बघून पाणी कळतं असं वाटतं, त्याच्याशी भुकटेराव बोलत नसत. त्यामुळे ते जवळजवळ कोणाशीच बोलत नसत.

खरं नाव त्यांना होतं, पण बावीस वर्षं चुन्याची पोती फोडून भुवया, कान आणि चपलांचे पट्टे असे पांढरे झाले होते की भुकटेराव हेच नाव शोभायचं. घरी आल्यावर बायको त्यांना दाराबाहेर उभं करून आधी झटकायची, मग आत घ्यायची. "गालिचा तरी बरा," ती म्हणायची, "वर्षातून एकदा झटकला की भागतं."

डोंगरातली तांब्याची खाण बंद पडून तीस वर्षं झाली होती. मालक तांबं घेऊन गेले आणि भोकं मागे ठेवून गेले. त्या भोकांत पाणी साठायचं, उघड्या पडलेल्या दगडांतल्या गंधकाच्या संगतीने आंबट व्हायचं, वाटेतलं लोखंड-तांबं पोटात घालायचं आणि बोगद्यातून नळाने खाली भुकटेरावांच्या पहिल्या टाकीत यायचं. येताना दिसायचं मात्र काचेसारखं नितळ. लफंगे नेहमी इस्त्रीच्याच कपड्यांत हिंडतात, असं भुकटेरावांचं मत होतं. पुढे ते चुना कालवायचे. चुना पडला की पाण्याचा आंबटपणा मरायचा, पोटातलं लोखंड बाहेर पडायचं आणि दुसऱ्या टाकीत नारिंगी गाळ होऊन बसायचं. वरचं निवळलेलं पाणी मागच्या उतारावरून, काट्याकुट्यांतून ओढ्याला मिळायचं. चांगले बूट घातलेला माणूस त्या उतारावर कधी गेला नव्हता.

हा ओढा पूर्वी मेलेला होता. बेडूक नाही, शेवाळ नाही, दगडांवर गंजाचा थर. गेल्या वर्षी भुकटेरावांच्या बायकोला साकवाखालच्या डोहात बोटाएवढे मासे दिसले. तिने हाताला धरून नवऱ्याला नेलं. भुकटेराव बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अक्कल नाही यांना. एवढं जग पडलंय आणि आले कुठे, तर इथे." त्या दिवसापासून त्यांच्या डब्यातले शिळे तुकडे रोज संध्याकाळी डोहात जाऊ लागले.

मग नवे साहेब आले. साहेबांचा अभ्यास दांडगा होता, फक्त तो कशाचा ते कोणाला माहीत नव्हतं. दोन टाक्यांच्या मधे, नाकाला रुमाल लावून ते दोन मिनिटं उभे राहिले आणि त्यांनी निदान केलं. पहिल्या टाकीत पाणी स्वच्छ, दुसरीत चिखल. मधे काय, तर चुना. म्हणजे घाण कोण करतं? शुक्रवारी बाहेरचं पाहुणेमंडळ पाहणीला येणार होतं. तोपर्यंत पाच दिवस चुना बंद, दुसरी टाकी धुऊन लख्ख. भुकटेरावांनी लिटमसचा कागद पहिल्या टाकीत बुडवून लाल करून दाखवला. साहेब म्हणाले, रंग छान आहे.

"साहेब, पाच दिवस चुना थांबला तर खाली ओढ्यात एक जीव राहायचा नाही."

"ओढ्यात जीव आहेत? अहवालात नाहीत," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या दिवशी भुकटेराव झटकून घ्यायलाही थांबले नाहीत. तसेच पांढरेफेक घरात येऊन बसले. बायकोने सगळं ऐकून घेतलं. माणूस मूर्ख असला तर त्याला शिकवायला जाऊ नये, असं तिचं म्हणणं पडलं. बावीस वर्षं एका माणसावर प्रयोग करून ती या निष्कर्षाला आली होती. मग म्हणाली, "त्यांना पाणी वाचता येत नाही. टाकीवरची पाटी तर येते ना?"

दुसऱ्या दिवशी भुकटेराव साहेबांच्या खोलीत जाऊन हात बांधून उभे राहिले. म्हणाले, साहेब, आपण म्हणालात ते खरं, चूक माझीच. जमिनीखालचे नळ मी इतकी वर्षं उलटे समजत होतो. चिखल खाणीतून येतो आणि चुन्याने साफ होऊन पहिल्या टाकीत काच होतो.

असलं काही साहेबांच्या पचनी पडेल, अशी भुकटेरावांनाही फारशी आशा नव्हती. पण साहेबांचा चेहरा उजळला. "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती," ते म्हणाले. आणि पाट्या बदलण्याचा लेखी हुकूम त्यांनी स्वतःच्या सहीने काढला. नारिंगी टाकीवर 'खाणीचे दूषित पाणी' लागलं, जहराच्या टाकीवर 'शुद्ध केलेले पाणी'. चुना चालू राहिला. त्या रात्री भुकटेरावांना साहेबांची कीव येऊ लागली होती, पण झोप लागल्यामुळे ती पूर्ण झाली नाही.

शुक्रवारी पाहुणे आले. चिखलाकडे बघून हळहळले, काचेकडे बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. इथपर्यंत सगळं हिशेबात होतं. हिशेबात नव्हता तो साहेबांचा उत्साह. त्यांनी शिपायाकडून दोन पेले मागवले, पहिल्या टाकीतून भरले, एक मंडळाच्या अध्यक्षीणबाईंच्या हातात दिला आणि दुसरा स्वतः उचलला.

"साहेब, नको," भुकटेराव म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पोत्यातला चुना विझावा. आणि घोट घेतला. जिभेला काय कळलं असेल ते असो. तोंड लिंबू चोखल्यासारखं आत ओढलं गेलं, डोळ्यांत पाणी आलं. थुंकायला जागा नव्हती. समोर सगळे पाहुणे. साहेबांनी गिळलं.

"उत्तम," ते म्हणाले. "खनिजयुक्त."

अध्यक्षीणबाईंनी पेला ओठांशी नेला. भुकटेरावांना साहेबांचं फार वाटलं असं नाही, पण या बाईंनी कोणाचं काय वाईट केलं होतं? ते पुढे झाले, पाय अडखळल्याचं निमित्त केलं आणि चुन्याच्या बादलीसकट बाईंच्या अंगावर गेले. पेला फुटला, साडी पांढरी झाली. साहेब सगळ्यांसमोर ओरडले की बावीस वर्षांत या माणसाला धड चालताही येत नाही. भुकटेराव मान खाली घालून उभे राहिले. बाई मात्र त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत होत्या. जाताना पेला फुटला होता तिथे त्या थांबल्या, सांडलेल्या पाण्यात चुना मिसळून फरशीवर ओला तांबूस डाग पडला होता तो बुटाच्या टोकाने घासून बघितला आणि मग गाडीकडे गेल्या.

त्याच संध्याकाळी भुकटेरावांनी पहिल्या टाकीवर लोखंडी जाळी टाकून कुलूप लावलं. शुद्ध पाण्याची पाटी वाचून कोणी तहानलेला यायचा.

चार दिवस रजा काढून साहेब परत आले, गालफडं बसलेली. भुकटेरावांना आत बोलावून दार लावून घेतलं.

"ते कुठलं पाणी होतं?"

"खाणीचं," भुकटेराव म्हणाले. "आपल्याला स्वच्छ वाटलं होतं ते."

 तक्रार करायची तर त्यात हुकूम जोडावा लागणार, हुकुमावर सही कोणाची हे साहेबांच्या ध्यानात आलं असावं. शेवटी म्हणाले, चुन्याचं तुम्हीच बघत जा. पाट्यांचं काय, असं भुकटेरावांनी विचारलं. "राहू द्या," साहेब म्हणाले, "जाळी आहे ना."

संध्याकाळी साकवावर बायको आधीच येऊन उभी होती. डोहात मासे होते. दोन तर चांगले वाढले होते. भुकटेरावांनी तुकडा टाकला, त्यावर सगळे एकदम तुटून पडले.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "कोण टाकतंय, काय टाकतंय, काही चौकशी नाही. सरळ तोंडात."

"तुमचे साहेबच म्हणा की," बायको म्हणाली.

"छे," भुकटेराव दुसरा तुकडा मोडत म्हणाले, "यांना खराब लागलं तर थुंकतात."