काऊन लिवा!

आमच्या भाऊजींइतका छळवादी परीक्षक बल्लारपुरात झाला नाही. अर्थात दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत पायथनची स्पर्धा तपासणारा दुसरा माणूसच गावात नव्हता, म्हणून हे विधान मी बेधडक करतो.

भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात ते नवशिक्यांना पायथन शिकवत. पायथन म्हणजे अजगर हे कळल्यावर शेजारच्या पानठेलेवाल्यानं, "वनखात्याले सांगू का, भाऊ?" असं काळजीनं विचारलं होतं. क्लासाच्या वार्षिक स्पर्धेत प्रोग्राम चालला की पोरं टाळ्या पिटायची आणि भाऊजींचा चेहरा सुतकी व्हायचा. "चालते तं धक्का मारलेली स्कूटरबी!" ते म्हणत. "उद्या दुसऱ्यानं उघडला तं त्याले समजला पाह्यजे." म्हणून निम्मे गुण उत्तराला आणि निम्मे लिहिण्याच्या वळणाला. पायथनमध्ये ओळ जागची सरकली की अर्थ बदलतो; त्यामुळे वाकडं काही दिसलं की ते सरळ करायचेच, मग त्या लोकांच्या दारातल्या चपला का असेनात. प्रोग्राममध्ये एकाच नावाच्या दोन गोष्टी चालत नाहीत, म्हणून एका बारशाला त्यांनी पाळण्याची दोरी धरून ठेवली. "घरात दोन सोनू आहेत, आता हा तिसरा. हाक मारल्यावर कोणता येईन?" आत्याबाईंना ऐन वेळी नाव बदलावं लागलं.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील मोर्चांची पत्रकं छापून आणत, मी अक्षरं त्यावरच गिरवली. माझ्या पहिल्या पत्रकातले दर ओळीतले 'जाहीर निषेध' भाऊजींनी पेन्सिलीनं खोडले. "निषेध केला, समजलं. काऊन केला?" काऊन, म्हणजे का, हाच त्यांचा मंत्र. प्रोग्राममध्ये माणसांसाठी एक टीप लिहिता येते, कॉम्प्युटर ती वाचत नाही. तिच्यात 'काय केलं' ते नको, "काऊन लिवा!" असं ते ओरडत.

एका वर्षी आलापल्लीच्या वंदनानं ते शब्दशः पाळलं. कीबोर्डवर मराठी उमटत नव्हतं, म्हणून प्रत्येक टिपेच्या सुरुवातीला तिनं इंग्रजी अक्षरांत 'काऊन' लिहिलं. पहिलं येणारं पोर नागपूरच्या स्पर्धेला जाणार होतं, आणि वंदनाच्या बापानं बजावलं होतं : निवड झाली तर शीक, नाही तर घरी ये.

त्या खेपेला पुण्याहून एक पाहुणे परीक्षक आले होते. त्यांनी वाचलं, हिंदीतलं 'कौन'.

"प्रत्येक ओळीवर कौन? कोणी लिहिलंय हे हिलाच माहीत नाही! कॉपी आहे. बाद करा."

"ते कौन नाई, सर, काऊन आहे," भाऊजी म्हणाले. "तुमचं 'का', ते आमचं काऊन."

"मग शुद्ध मराठीत लिहायचं!"

शेजारी बसून पाहणाऱ्या माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळा तयार झाला. भाऊजींनी मला हातानं दाबून बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"वंदना, उभी राह्य. हे ओळ काऊन?"

"शून्यानं भागलं तं प्रोग्राम मधातच बसते, सर. म्हणून आधी पाहून घेतलं."

"अन् हे?"

"माणूस आकडा न देता 'पाच' असं अक्षरात लिवते. आमच्या बाबानं तसंच केलं होतं."

हशा पिकला. पाहुणे पुढे वाकले. "आणि ही... काऊन?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. वंदनानं तेही सांगितलं. ती नागपूरला गेली.

पुढल्या वर्षी स्पर्धेचा फलक लागला. परीक्षक म्हणून बाहेरगावच्या दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. भाऊजी बराच वेळ वाचत उभे राहिले.

"पत्रक काढतो!" मी म्हणालो.

"काय केलं ते लिवलं," ते हळूच म्हणाले. "काऊन केलं, ते नाई लिवलं."

फलक एका खिळ्यावर तिरका लटकत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी सरळ केला, एक पाऊल मागं येऊन पाहिला, आणि म्हणाले, "चाल, घरी चाय पिऊ."