डॉक्टर दौऱ्यावर आहेत

जनावरांच्या दवाखान्यात किस्से ढिगानं साठतात. पेशंट मुके, त्यामुळं त्यांच्या वाटचंही मालकच बोलतात! सेलूकडच्या एका गावात मी सहा वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. गावाचं नाव विचारू नका, कारण पहिले दोन किस्से माझी अब्रू घालवणारे आहेत.

०००

दवाखान्याला एक पत्र्याची पाटी होती. ‘डॉक्टर दौऱ्यावर आहेत.’ मी परभणीहून रेल्वेनं अप-डाउन करायचो आणि रोज उशिरा पोचायचो. म्हणून आमचे ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे गौतमदादा कुलूप काढलं की आधी पाटी अडकवायचे.

एकदा मी चुकून वेळेवर आलो. दादांनी सवयीनं पाटी लावलीच! एक म्हातारा खिडकीतून बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "डाक्टर, दौऱ्याहून कवा आलाव?"

०००

दुसरा किस्सा हसण्यासारखा नाही.

गावातल्या कौसाबाईंची म्हैस विताना अडली. त्या दोनदा पळत आल्या, दोनदा पाटी बघून परत गेल्या. मी तेव्हा सेलू स्टेशनबाहेर मित्रांबरोबर भजी खात होतो. म्हैस वाचली, रेडकू गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शांतपणे विचारलं, "कोनच्या गावाला दौरा होता?"

फार लाज वाटली. त्यानंतर त्या माझ्याकडं आल्याच नाहीत.

०००

मी पाटी काढून दवाखान्यामागं टाकली आणि बाहेर फळा लावला. कुठं चाललो, कुणाकडं, किती वाजता परत येणार, सगळं खडूनं लिहायचं. पहिल्याच दिवशी साडेअकरा लिहून बारा दहाला आलो. खाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "चाळीस मिनिटं लेट. बैल वाट बघून गेला."

०००

मग गौतमदादांनाही चेव आला. त्यांनी लिहिलं, "चहा, दहा मिनिटं." रांगेतले चौघं त्यांच्या मागं हॉटेलात! दादांनी बशीत फुंकर मारली की एकजण मोबाईल बघून ओरडायचा, "सात झाले!"

परत आल्यावर दादा म्हणाले, "डाक्टर, तुमच्या शिस्तीनं माझी जीभ भाजली."

०००

बायकोनं एकदा दवाखान्यात फोन केला. मला नाही, दादांना! "हे किती वाजता घरी येणार? मला सांगितलेली वेळ नको, फळ्यावरची सांगा."

०००

परवा सकाळी कौसाबाईंचा निरोप आला. म्हैस पुन्हा अडली होती. दोन वर्षांनी त्यांनी मला बोलावलं होतं! फळ्यावर लिहिलं, "कौसाबाईंचा गोठा. परत कधी, सांगता येत नाही."

तासाभरानं वगार, म्हणजे मादी रेडकू, बाहेर आली आणि धडपडत उभी राहिली. हुश्श! मी तिथंच मातीत बसलो. इतकं हलकं मला नोकरी लागली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

हात धुवायला रांजणाकडं गेलो. त्यावर झाकण म्हणून ओळखीचा पत्रा होता.

"ही पाटी इथं कशी?"

कौसाबाई पाणी ओतत म्हणाल्या, "वरीस झालं आणून. तुमी एकदा बी इचारलं न्हाई!"