न म्हटलेला साधुकार

हे वाचताना माझ्याजवळ येऊन बसली असं समज, बाई. अशी दूर नको बसू. दारव्ह्याहून यवतमाळ काही परदेशात नाही, तरी फोनवर नुसतं 'आई, येतो, येतो' म्हणून राह्यली. तू काहून येत नाहीस, मले माहीत आहे. त्या दिवशी मी साधु म्हटलं नाही, म्हणून तुले वाटते मी रागावली.

रागावली नाही. माझा लेक गेला, तं मीच तुले म्हटलं, तुझं वय नाही असं बसून राहायचं, अन् तुझं दुसरं लग्न लावून देलं. मंग त्याच्या नावानं दान देऊन पुण्यानुमोदन करायचा, वर्षाचा दिवस जवळ आला अन् माझ्यानं काहीच होईना. उठावं, आंघोळ करावी, खुर्चीत बसावं, बस. शेवटी तुझ्या नव्या सासूनं ते आपल्या घरी ठरवलं. जिनं माझ्या लेकाले कधी पाह्यलं नाही, तिनं फोन करून विचारलं, "त्याले खायले काय आवडे?" अंबाडीची भाजी, मी म्हटलं. म्हणताना वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या पोराचं सांगून राह्यली.

तीच भाजी तिनं विहारातल्या भन्तेजींच्या ताटात वाढली, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. कोणी दान केलं की आपण सारे हात जोडून तीनदा साधु म्हणतो. करणारा दुसरा, पण आनंद आपलाही. जन्मभर विहारात माझाच आवाज मोठा. त्या दिवशी हात जोडले, तोंड उघडलं नाही. राग नव्हता, हेवा नव्हता, रडू बी नव्हतं. आत काही नव्हतंच.

जेवताना ती माझ्या बाजूले येऊन बसली. मी विचारलं, "बाई, आपण एकमेकीच्या कोण लागतो?"

"ते मंग ठरवू. आधी घास घ्या, भाजी थंडी होऊन राह्यली."

"मी साधु नाही म्हटलं."

"मंग काय भन्तेजी ताट वापस करतीन?"

भाजी आंबट होती का, मले समजलं नाही. पण खाल्ली सारी.

आनंद अजून आला नाही. मी वाट पाहून पाह्यली. पण तिनं चांगलं केलं, हे मले चांगलं दिसते. तेवढं म्हणायले आनंदाची वाट कायले पाहायची? फोनवर नाही, तिच्या समोर हात जोडून म्हणायचं आहे. ये लवकर, अन् तिले घेऊनच ये.