सतराव्या चौकटीतला माणूस

"हात नको लावूस त्या फोटोला," फोटो स्टुडिओच्या मालकाचा मुलगा म्हणाला.

मी लावला नव्हता. नुसती पाहत होते. वर्ध्यात त्याच्या दिवंगत वडिलांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. समोर गिरडच्या दर्ग्याच्या पायरीवर बसून हसणारी म्हातारी. खाली नाव मालकाचं.

"हा माझ्या बाबांनी काढलाय," मी म्हणाले.

तो सोबतच्यांकडे वळला. "हिचे वडील आमच्या स्टुडिओत लाइट धरत. घ्या, आता लाइटवालाही कलाकार!"

सगळे हसले. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. मी वाचनालयात काम करते, पुस्तकांत वाढले, तरी खाली मान घालून पिपरीला घरी आले. त्या मानेची लाज अजून आहे.

अख्खा रोल एका कागदावर निगेटिव्हएवढ्याच आकारात छापतात, ती कॉन्टॅक्ट शीट. फोटो निवडून झाला की स्टुडिओत ती फेकून देत. बाबा घरी आणत. "चुकलेल्या फोटोतूनच समजते, बाई," म्हणत. एक्स-रेच्या जुन्या पाकिटात त्यांनी त्या जपल्या होत्या. मी गिरडची शीट काढली, भिंग घेतलं.

पहिल्या चौकटींत म्हातारीने पदराने तोंड झाकलंय. मग नुसतीच पायरी. बाबांनी कॅमेरा वळवला, तिला तिच्या जागी राहू दिलं. पुढे कॅमेऱ्याची उंची उतरते. बाबा तिच्यासमोर खाली बसले. बाराव्यात पदर सरकतो. सोळाव्यात ती हसते, तोच प्रदर्शनातला फोटो. त्यावर बाबांच्या लाल पेन्सिलीची खूण.

सतराव्यात तिच्या बाजूला मालक उभे. दोन्ही हातांत उजेड परतवायचा पांढरा पुठ्ठा.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात जाऊन शीट मालकाच्या मुलाच्या टेबलावर ठेवली. भिंगही.

"लाइट तुमचे वडील धरून आहेत," मी म्हणाले. "मग कॅमेरा कोणाकडे होता?"

त्याने वाकून भिंगातून पाहिलं. मग आवाज मऊ झाला. "बसा ना, ताई. चहा घ्या. तुमच्या बाबांचं नाव टाकतो मी. फक्त आडनाव नको. लोक लगेच जातीवर येतात."

"काऊन नको?" घरची बोली तोंडातून बाहेर पडली. "तुमच्या बाबाले आहे ना आडनाव?"

"विषय वाढवू नका." त्याने शीटसाठी हात पुढे केला.

मी ती पाकिटात घातली आणि त्या फोटोशेजारी जाऊन उभी राहिले. येईल त्याच्यासमोर शीट धरते, हातात भिंग देते आहे. रजा टाकली आहे. प्रदर्शन दुसऱ्या गावी गेलं तर तिथेही जाईन. फोटोखालच्या पाटीवर बाबांचं पूर्ण नाव लागेल. आडनावासकट. तोवर मी हलणार नाही.