वळचणीतलं भोक

ओल्या चुन्याचा वास आला की मला डब्लिनच्या कडेचं, जुन्या दगडी मनोऱ्याजवळचं आमचं पहिलं घर आठवतं. शहर पसरत तिथवर आलं होतं, पण शंभर वर्षांपूर्वीच्या बैठ्या घरांची ती रांग तशीच राहिली होती. त्या मे महिन्यात एक अनोळखी म्हातारा रोज संध्याकाळी फाटकाशी थांबून आमच्या छपराकडे टक लावून बघायचा. एकदा तर चक्क दुर्बीण घेऊन आला. "म्हातारा माणूस आहे गं, सोड ना," नवरा म्हणाला. पण तो दिवसभर ऑफिसात आणि घरात मी नि तीन महिन्यांची लेक. म्हाताऱ्याने दोनदा बेल वाजवली, तेव्हा मी लेकीला छातीशी धरून दाराआड गप्प उभी राहिले. त्याच आठवड्यात गवंडी बोलावून, वारा शिरतो म्हणून वळचणीतलं भोक चुन्याने बुजवून घेतलं. तिसऱ्यांदा बेल वाजली तशी मी तिरमिरीत दार उघडलं. "काय बघता हो रोज आमच्या घराकडे?" तो गडबडला. "पाकोळ्या. आफ्रिकेतून येतात, दर वर्षी त्याच भोकात. ते बुजवू नका, एवढंच सांगायचं होतं." मी बाहेर येऊन वर पाहिलं. दोन काळे पक्षी सुसाट यायचे, ताज्या चुन्यापाशी फडफडायचे आणि मागे फिरायचे. दुसऱ्याच दिवशी मी भोक उघडून घेतलं, पण त्या उन्हाळ्यात पाकोळ्या पुन्हा दिसल्या नाहीत. म्हाताऱ्याने मला कधी बोल लावला नाही. रस्त्यात भेटला की "ग्रँड, ग्रँड", म्हणजे तिथल्या बोलीत 'सगळं ठीक', म्हणत हसून पुढे जायचा आणि तेच हसणं मला आजही लागतं.