ताईच्या नव्या गाडीवरचे टवके

मित्रांनो, आज कशातच मन लागून नाही राह्यलं.

ताईनं स्वतःच्या कमाईतून पहिली गाडी घेतली, लालभडक. "उद्या बोनेटले रंग वाचवाची फिल्म लावून घेऊ, तोवर गाडी काढू नको," असं तिनं मले बजावलं होतं.

तरी मी दुपारी अमडापूरले चक्कर मारली. समोर गिट्टीचा टिप्पर होता. ओव्हरटेकच्या घाईत मी त्याच्या मागंच चिकटलो अन् खडे तडतड बोनेटवर आले. रंगाचे टवके उडाले.

घरी ताई बोनेटवरून हात फिरवत राह्यली.

"ताई, चुकलं माझं."

"तुले लागलं नाही ना?" एवढंच बोलून ती आत गेली. मग फिल्मवाल्यासंग फोनवर बोलतानी तिचा आवाज आला, "दादा, उद्या फिल्म नका लावू. आधी रंग द्या लागन."

रागावली असती तं बरं झालं असतं. आता तिच्यासमोर कसा जाऊ, सांगा बरं?